मदत हवी आहे: क्ष² − ९ म्हणजे (क्ष − ३)² नव्हे, हे भाचीला कसं पटवू?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. भाची नववीत आहे, संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसते. अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे तिला तोंडपाठ आहे. तरी वहीत क्ष² − ९ आलं की हात (क्ष − ३)² असंच लिहितो. विस्तार करायला लावला, मधे −६क्ष येतं हे तिने स्वतः काढलं, "कळलं गं मावशी" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ४य² − २५ चे (२य − ५)² झाले. पोर मनापासून अभ्यास करते, तिला रागवायची माझी इच्छा नाही. सूत्र डोळ्यांसमोर उभं राहील असं काही सुचवाल का?

तिचा आणखी एक प्रश्न: क्ष⁴ − ८१ मध्ये (क्ष² + ९)(क्ष² − ९) आल्यावर थांबायचं का? पुढे जायचं तर क्ष² + ९ तसंच का ठेवायचं? "नियमच आहे" असं सांगून तिची बोळवण करायची नाहीये.

प्रतिसाद

ताई, खळ्यात सुपारी वाळत घातली असेल तर तीच घ्या. सात ओळी, प्रत्येकीत सात, अशा मांडायला सांगा. एका कोपऱ्यातला तीन बाय तीनचा चौरस उचला. उरलं ते ७² − ३², म्हणजे ४० सुपाऱ्या. आता तिलाच (७ − ३)² त्यात शोधू दे. समोरच्या कोपऱ्यात चार बाय चारचा चौरस सापडेल, पण त्यात १६च सुपाऱ्या. त्याला लागून चार बाय तीनचे दोन पट्टे आहेत, १२ आणि १२. तिच्या उत्तरातून नेमके हेच दोन पट्टे निसटतात.

मग पुढचं. सात-सातच्या चार ओळी अख्ख्या आहेत, त्यांना हात लावू नका. उरलेल्या चार-चारच्या तीन ओळी आडव्याच्या उभ्या करून त्यांच्या शेजारी जोडा. दहा-दहाच्या चार ओळी झाल्या: (७ + ३)(७ − ३). हे तिने स्वतःच्या हातांनी करावं, तुम्ही नुसतं बघा.

४य² − २५ साठी य = ५ घालून पाहायची सवय लावा. मूळ राशी १०० − २५ = ७५. (१० − ५)² = २५, जुळत नाही. (१० + ५)(१० − ५) = ७५, जुळलं.

प्रतिसाद

क्ष⁴ − ८१ मध्ये पुढे जायचंच: (क्ष² + ९)(क्ष + ३)(क्ष − ३). आता क्ष² + ९. त्याचा (क्ष − क) असा अवयव असता तर क्ष = क घातल्यावर राशी शून्य झाली असती. पण कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, त्यामुळे ही राशी ९ च्या खाली येतच नाही. नववीच्या मुलीला हे कारण पूर्ण समजतं, जरूर सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सुपाऱ्यांचे पट्टे तिने स्वतः फिरवले, आणि "म्हणजे १०३ × ९७ पण असंच?" हे तिनेच विचारलं. १०००० − ९ = ९९९१, तोंडी! आता १८क्ष² − ५०य² वर अडलोय. १८ चं वर्गमूळ पूर्ण येत नाही, मग सूत्र लावायचं कसं?

प्रतिसाद

आधी २ सामाईक काढा, ९ आणि २५ दोन्ही पूर्ण वर्ग उरतात: २(३क्ष + ५य)(३क्ष − ५य). कुठलंही उदाहरण असो, सामाईक अवयव आहे का हे सूत्राच्या आधी बघायला शिकवा. आणि बाहेर काढलेला २ शेवटच्या ओळीपर्यंत लिहायला लावा, मुलं तो हमखास मधेच टाकून देतात.