मदत हवी आहे : धरणावर आणि समुद्रावर चालेल असा एकच रॉड कोणता घ्यावा?

गोदाकाठ
मी नाशिकला राहतो. मासेमारीसाठी धरणावर आणि समुद्रावर, दोन्हीकडे वापरता येईल असा एकच रॉड आणि रील (दोरी गुंडाळायची चक्री) घ्यायचे आहे. दुकानदाराने सात फुटी आणि दहा फुटी असे दोन रॉड बाजूला काढून ठेवले असून उद्या संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचे आहे. दोरी ब्रेडची (बारीक धागे विणून केलेली) घ्यावी की साधा तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी), हेही सांगावे. व्हिडिओ पाहून गोंधळ वाढला आहे, त्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे.

दारणाकाठी
मासा कोणता आणि आमिष कोणते, हे लिहिल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्यामुळे एकाच धरणावर कटल्यासाठी तरंगा लावून पिठाचा गोळा वर ठेवावा लागतो, तर मृगळासाठी शिसे लावून तोच गोळा तळाला बसवावा लागतो. मरळ हवी असेल, तर गवतावरून ओढायचा रबरी बेडूक आणि जाड दोरी लागते. समुद्रावर आपण खडकावरून गळ टाकणार, पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) की होडीतून?

गोदाकाठ
गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणे. मासा कोणताही चालेल. समुद्र म्हणजे डहाणू, कारण जव्हारमार्गे सोयीचे पडते. होडी नाही. सात फुटी की दहा फुटी, एवढेच सांगावे.

खाडीवाला
दहा फुटीच घ्या. पुळणीवर लाटा फुटतात त्यापलीकडे आमिष पडावे लागते, आणि रॉड लांब असला की दोरी लाटांच्या वर राहते. मात्र रॉडपेक्षा पाण्याची वेळ महत्त्वाची आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की हलके शिसे तळाला ठरतच नाही. नवख्याने अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी ओढीच्या दिवसांत जावे.

दारणाकाठी
खाडीवाल्यांशी मी सहमत नाही. पुळणीचा दहा फुटी रॉड शंभर ग्रॅमपर्यंतचे शिसे फेकण्यासाठी बनवलेला असतो. त्याने दहा ग्रॅमचे ल्यूर (कृत्रिम आमिष) धरणात दूर जात नाही आणि रोहूची हलकी चाहूल हाताला लागत नाही. मुठीच्या वर रॉडवर फेकीचे वजन बारीक अक्षरांत छापलेले असते. गोदाकाठ यांनी फुटांऐवजी आधी ते वाचून इथे लिहावे.

जुना गळकरी
दोरीच्या प्रश्नाकडे कोणीच पाहिलेले नाही. तंगूसच घ्यावा. मासा झटका देतो तेव्हा तो ताणतो आणि गळाचा आकडा तोंडातून निसटत नाही. ब्रेड खडकाला घासली की तुटलीच.

खाडीवाला
काका, म्हणूनच ब्रेडच्या पुढे हातभर लांबीचा तरी जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा, बांधतात. जिताडा माशाच्या कल्ल्यावरचे झाकण धारदार असते. लीडर नसेल तर आपला तंगूसही कापला जाईल. त्याच ताकदीची ब्रेड तंगुसापेक्षा बरीच बारीक असते, त्यामुळे फेक लांब जाते.

पाणपक्षी
नांदूरमध्यमेश्वरला कृपया गळ टाकू नये. ते पक्षी अभयारण्य असून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत त्याचा समावेश झाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आहे. पावसाळ्यात मरळ पिलांची राखण करते. त्या काळात तिला धरले तर अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

गोदाकाठ
मी तिथे जाणार नाही. दुकानात पुन्हा जाऊन आलो. सात फुटीवर ५ ते १५ ग्रॅम लिहिले आहे आणि दहा फुटीवर ८० ते १५०. आठ फुटी, दोन तुकड्यांचा आणखी एक रॉड आहे, त्यावर १५ ते ४० ग्रॅम असे आहे.

दारणाकाठी
आठ फुटीच घ्या. त्यावर ४००० आकाराचे रील आणि २० पौंडांची ब्रेड लावावी. ड्रॅग (रीलमधून दोरी सुटू देणारा ताण) दोन-तीन किलोंवर ठेवावा, म्हणजे मोठा कटला पळाला तरी दोरी सुटत जाईल, तुटणार नाही.

खाडीवाला
एवढे असेल तर माझीही हरकत नाही, फक्त पुळण सोडून खाडीच्या मुखाशी उभे राहावे, तिथे लांब फेकीची गरज पडत नाही. लीडर ४० पौंडांचा बांधा. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत शिरते.

जुना गळकरी
धरणासाठी एक जादा स्पूल (रीलचे दोरीचे रीळ) घेऊन त्यावर तंगूस भरून ठेवावा.