लॉर्ड डेकर सीमेचा राखणदार? अहो, कुंपणच शेत खात होतं!

डोंगरवेडा:
परवा इथे थॉमस डेकरवर एक लेख आला. 'स्कॉटलंडच्या सीमेवर आयुष्यभर छातीचा कोट करून उभा राहिलेला इंग्रज उमराव, आणि कृतघ्न आठव्या हेन्रीने त्यालाच म्हातारपणी तुरुंगात घातलं' असा एकूण सूर. खाली सगळे 'काय माणूस होता!' म्हणतायत. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

शौर्य मी नाकारत नाही. ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत इंग्रजांची उजवी फळी मोडली होती, डेकरच्या घोडेस्वारांनी ती सावरली. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स तिथे पडला, त्याचं प्रेत शोधून काढलं तेही डेकरनेच. पण लढाई एका दिवसाची. बाकीचे दिवस हा काय करत होता? १५१४ मध्ये स्वतःच लंडनला कळवतो की स्कॉटांनी आमचं एक जनावर नेलं तर आम्ही त्यांची शंभर आणली, एका मेंढीमागे दोनशे. १५१६ मध्ये हेन्रीचा मुख्य मंत्री वुल्झी याला लिहितो की माझ्याकडे चारशे फरारी स्कॉट आहेत, त्यांना मी इनाम देतो आणि ते रोज स्कॉटलंडात जाळपोळ करतात. सीमा शांत ठेवायला नेमलेला माणूस दरोडेखोर पोसतोय आणि वर त्याचा हिशेब अभिमानाने देतोय! १५२५ मध्ये स्टार चेंबर या राजाच्या न्यायसभेसमोर चोरांना पाठीशी घातल्याचं त्याने कबूल केलं. हजार मार्क (तेव्हाचं पैशाचं एकक) दंड झाला. यात कृतघ्नपणा कुठे दिसला?

बखरवाचक:
तो लेख माझा नाही, पण उत्तर देतो, कारण तुम्ही अर्धीच पत्रं वाचलीत. ते चारशे फरारी कुणाच्या फायद्यासाठी पोसले होते? स्कॉटलंडात तेव्हा ड्यूक ऑफ ऑल्बनी कारभारी होता आणि त्याचं आसन डळमळीत ठेवणं हेच लंडनचं धोरण होतं. डेकर ते राबवत होता आणि वरती कळवतही होता. लपवाछपवी करणारा माणूस मंत्र्याला असं पत्र लिहितो का?

दुसरं म्हणजे पैसा. सातव्या हेन्रीने वॉर्डनचा, म्हणजे सीमेवरच्या अधिकाऱ्याचा, पगार पूर्वीच्या मानाने पार कापून टाकला. खडी फौज नाही. एक नव्हे, तिन्ही 'मार्च' (सीमेचे विभाग) डेकरच्या गळ्यात मारले. कार्लाइलपासून बेरिकपर्यंतची हद्द सांभाळायची ती स्वतःच्या कुळांच्या जोरावर, त्यांच्याच घोड्यांवर. टाइनडेल खोऱ्यातली चार्लटन, रॉब्सन ही घराणी आज चोर आणि उद्या तुमचेच सैनिक. त्यांना सरसकट फासावर चढवलं असतं तर पुढच्या स्वारीला बरोबर कोण आलं असतं? घरात बसून न्याय करणं सोपं आहे.

डोंगरवेडा:
'घरात बसून' हे अनावश्यक होतं. आणि पगार कमी म्हणून पोट कसं भरलं ते तुम्हीच सांगितलंत. शिवाय हा काही गरीब गडी नव्हता. ग्रेस्टोक घराण्याची वारस मुलगी एलिझाबेथ दुसऱ्याच्या ताब्यात, ब्रूअमच्या किल्ल्यात होती. तिला रात्री तिथून पळवून नेऊन लग्न केलं आणि तिच्या जमिनी घरात आणल्या. याच्या निशाणावर तांबडा बैल होता. लोकांचे बैल हाकणाऱ्याला शोभतंय.

निशिगंधा_कार्लाइल:
मी गेली नऊ वर्षं कार्लाइलला राहते. लॅनरकॉस्टच्या मठात डेकर आणि एलिझाबेथची कबर आहे, इथून तासाभराच्याही आत पोचतो. पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस होता, छप्पर अर्धं पडलेलं, कबरीच्या दगडावर शेवाळ. मी हात लावून पाहिला. मठाचे दगडसुद्धा रोमन बादशहा हेड्रियनने बांधलेल्या सीमेवरच्या भिंतीचे काढून आणलेले. म्हणजे सीमा राखायचं काम तिथे चौदाशे वर्षं चाललेलं.

पण मला जास्त आठवतात ती शेतकऱ्यांची घरं. त्यांना 'बॅसल' म्हणतात. खाली गुरं, वरती माणसं, भिंती हातभरापेक्षा कितीतरी जाड. खालचं दार इतकं बुटकं आणि अरुंद की गाय एकेकच आत जाईल. वर चढायची शिडी रात्री आत ओढून घ्यायची. उमरावाच्या भरवशावर झोपणारी माणसं अशी घरं बांधत नाहीत. गुरं गेली तर मालकाला सहा दिवसांच्या आत सीमा ओलांडून पाठलाग करायचा कायदेशीर हक्क होता. भाल्याच्या टोकाला पीटची (दलदलीतल्या जळाऊ मातीची) जळती ढेप लावायची, कुत्री घ्यायची, आणि वाटेत जो भेटेल त्याने सामील व्हायचं. त्यांचं संरक्षण त्यांनाच करावं लागत होतं.

तर्कट:
'ब्लॅकमेल' हा शब्द याच सीमेवरचा, हे कुणी लिहिलं कसं नाही? मेल म्हणजे तिकडच्या बोलीत खंड. रीव्हर, म्हणजे सीमेवरच्या लुटारू, टोळीला वार्षिक खंड द्या, ती तुमची गुरं नेणार नाही आणि दुसऱ्यालाही नेऊ देणार नाही. १६०१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आता प्रामाणिकपणे सांगा, आपली चौथाई याहून वेगळी होती का?

बखरवाचक:
झालं! कुठलाही विषय असो, गाडी मराठ्यांना झोडपण्यावरच येणार. चौथाई शिवाजी महाराजांनी शोधून काढलेली नाही. दमणचे पोर्तुगीज ती रामनगरच्या राजाला आधीपासून देत होते. १६७२ मध्ये रामनगर जिंकल्यावर महाराजांनी तो हक्क मागितला. १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची रीतसर सनद मिळाली, बदल्यात पंधरा हजार स्वार बादशाहीच्या चाकरीला ठेवायचे होते. करार, रक्कम, जबाबदारी, सगळं कागदावर. गुरंचोरांच्या टोळीशी तुलना करताना जीभ कशी रेटली?

तर्कट:
जीभ नीट रेटली. सनद दख्खनची होती, बंगालची नव्हती. १७४२ मध्ये कलकत्त्याच्या लोकांनी आपल्याच स्वारांच्या भीतीने खंदक खणला. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, ती प्रेमापोटी नाही. माझी सासुरवाडी बर्दवानची. लग्नात बायकोच्या आजीने माझं आडनाव ऐकून पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'म्हणजे बर्गी?' बंगालात मराठी लुटारू स्वारांना हेच नाव. बाई नव्वदीच्या होत्या, हसत नव्हत्या.

बखरवाचक:
आजीबाईंबद्दल आदर आहे. पण त्यांचा प्रश्न हा पुरावा नव्हे.

तर्कट:
आणि तुमची सनद बंगालच्या शेतकऱ्याला पुरावा नव्हे. त्याला कुणी दाखवली होती?

डोंगरवेडा:
मंडळी, धागा डेकरचा आहे. चौथाईसाठी वेगळा काढा.

बखरवाचक:
काढणार नाही. इथे आरोप झाला, इथेच उत्तर मिळेल. बंगालच्या स्वाऱ्यांत अत्याचार झाले, हे मला मान्य आहे. लिहितानाही त्रास होतो, पण मान्य आहे. तेवढ्यावरून संपूर्ण चौथाईला खंडणी ठरवू देणार नाही.

माणदेशी:
मला इंग्लंडचा इतिहास येत नाही. सगळा धागा वाचला तो गुरांमुळे.

आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून. १९९३ च्या उन्हाळ्यात आमची खिलार जोडी रात्रीतून गेली. एकाच्या शिंगाला पितळी शेंबी होती, दुसऱ्याची आदल्याच आठवड्यात पडलेली. वडील आणि दोघे चुलते कंदील घेऊन माग काढत निघाले. खुरांचा माग ओढ्यातून पलीकडे गेलेला. ठाण्यात गेले तर उत्तर मिळालं, हद्द आमची नाही. पलीकडच्या ठाण्यात गेले तर गुन्हा तुमच्याकडे घडला, तिकडे नोंदवा. पाचव्या दिवशी एक माणूस घरी आला, चहा प्याला, म्हणाला अकरा हजार द्या, बैल दावणीला येतील. तो माणूस कोण, कुणाच्या ओट्यावर बसतो, हे दोन्हीकडच्या वर्दीला ठाऊक होतं.

निशिगंधाताई, तुम्ही लिहिलेली जळती ढेप वाचली आणि वडिलांचा कंदील दिसला. बखरवाचक साहेब, पगार कमी होता हे आमच्याकडचे लोकही सांगायचे. वडिलांनी त्याचं काय करायचं होतं?

बखरवाचक:
याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण डेकरच्या बाबतीत एक सांगू द्या. १५२३ मध्ये स्कॉटलंडातलं जेडबरा गाव जाळल्यानंतर त्याचे दीड हजार घोडे रात्री बुजून सुटले, आठशेच्या वर गेले. सेनापती सरेने तेव्हाही लिहिलं की याच्याइतका धाडसी सरदार नाही, फक्त बंदोबस्ताची काळजी घेत नाही. मला तो माणूस असा दिसतो, शूर आणि बेफिकीर. लबाड दिसत नाही. आणि शिक्षा त्याला झाली. लंडनमधल्या ज्यांनी त्याची ती पत्रं वाचून काम चालू ठेवायला सांगितलं, त्यांना कधीच नाही. शिक्षेच्याच वर्षी, १५२५ च्या ऑक्टोबरात, डेकर घोड्यावरून पडून गेला.

डोंगरवेडा:
लंडनचा मुद्दा घेतो. ती चारशे माणसं हेन्रीच्या दरबाराची पापं होती, नुसती डेकरची नव्हती. शूरही म्हणतो. 'राखणदार' मात्र म्हणणार नाही. शंभर जनावरं ज्यांची आणली त्यातले किती चोर होते? स्कॉटलंडातल्या लिडेल नदीच्या काठी नांगर चालायचे थांबले हे त्याने कामगिरी म्हणून कळवलंय. नांगर धरणारा माणूस कुठल्याही बाजूचा असो.

निशिगंधा_कार्लाइल:
माणदेशी दादा, बैल मिळाले का?

माणदेशी:
एक मिळाला. ज्याला शेंबी नव्हती तो. अकरा हजार पूर्ण घेतले.