मोर्चे काढून खरंच काही बदलतं का?

चुनाभट्टीची पोर:
काल ऑफिसात एकजण म्हणाला, मोर्चा म्हणजे नुसता खोळंबा. मला लागलं ते. मार्च 2018 मध्ये शेतकरी नाशिकहून चालत आले, सोमय्या मैदानात टेकले आणि दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून रातोरात आझाद मैदानाकडे निघाले. आम्ही पाणी घेऊन रस्त्यावर उभ्या होतो. एका आजीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, टाचेतून रक्त. आईने पायातली चप्पल काढून दिली. आजीचं म्हणणं एवढंच, कसतो ती वनजमीन नावावर करा. वनजमीन कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा. दुसऱ्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं.

लालबागचा:
आश्वासनच ना? म्हणून 2019 ला पुन्हा निघावं लागलं, 2023 ला पुन्हा. ताई, माझे बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. दोन-चार महिन्यांत मिटेल म्हणायचे. आईने मंगळसूत्र गहाण टाकलं, मग खाणावळ काढली. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा परत गिरणीत गेले नाहीत. मागणी खरी असली म्हणजे जिंकता येतं असं नाही.

वकिली शिकतोय:
त्यापेक्षा कोर्ट बरं. निकाल तरी हातात पडतो.

चुनाभट्टीची पोर:
मथुरा प्रकरण वाच. पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, 1980 मध्ये मुंबईसह ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. निकाल हातात पडला होता, तो चुकीचा होता.

आणि दादा, तीनदा चालावं लागलं याला मी हार म्हणत नाही. मोर्चा एका दिवसाचा. त्याच्या आधी गावोगाव वनहक्काचे दावे भरून घेणं, नंतर तहसीलला खेटे घालणं, फेटाळलेला दावा पुन्हा लावणं, चळवळ ती. कॅमेरा तिथे जात नाही.

लालबागचा:
खेट्यांचं पटलं. आमच्याकडे नंतरचं कुणी बघितलंच नाही. पण थांबायचं कधी, हेही चालणाऱ्यांनाच विचारा. बाबांना ते कुणी विचारलं नव्हतं.