पॅरिसजवळ खराखुरा किल्ला कुठला? राजवाडा नको

कोथरूडचा_पाहुणा:
मंडळी, आईबाबांना घेऊन मे महिन्यात पॅरिसला चाललोय. टूरवाल्याने व्हर्साय दिलंय, पण बाबा म्हणतात आरसेमहाल बघायला एवढं लांब कशाला जायचं, त्यांना तट, बुरूज, खंदक असला मध्ययुगीन किल्ला हवाय (आत्ताआत्तापर्यंत दर रविवारी सिंहगड चढायचे). आईचे गुडघे दुखतात. मोकळा दिवस एकच. कार्कासोनला जाऊन येणं जमेल का?

भटका_बोका:
एका दिवसात कार्कासोन विसरा, ते पार दक्षिणेत आहे, पॅरिसहून ट्रेननेच पाच तासांच्या वर लागतात. आहे मात्र जबरी, दुहेरी तटबंदी आणि 52 बुरूज! बुरुजांवरच्या त्या टोकदार टोप्या बघून हरखून जाऊ नका, 1853 पासून व्हियोले-ल-द्यूक नावाच्या आर्किटेक्टने जीर्णोद्धार केला त्यातल्या आहेत त्या, आणि इथे असा आकार नव्हताच म्हणून जाणकारांनी त्याला भरपूर झोडपलंय. आपल्याकडे गडावर सिमेंट दिसलं की आपण करतो तस्संच.

नारायणपेठी:
अहो, व्हँसेनला जा की! मेट्रोची 1 नंबर लाइन पकडायची आणि शेवटच्या स्टेशनला उतरायचं, स्टेशनचं नावच शातो द व्हँसेन. बाहेर आलात की समोर तट. मधला बालेकिल्ल्यासारखा मनोरा, त्याला ते दोंजों म्हणतात, साधारण 50 मीटर उंच आहे, चौदाव्या शतकात पाचव्या चार्ल्स राजाने पुरा केला, त्याला स्वतंत्र खंदक. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री 1422 मध्ये इथेच वारला. पुढे तुरुंग झाला, 1749 मध्ये दिदरो या फ्रेंच लेखकाला इथे डांबलं होतं. जिना गोल आणि अरुंद आहे, काकूंना खालीच अंगणात बसवा, समोर सुंदर चॅपल आहे.
आणि एक, फ्रेंचमध्ये राजवाडाही शातो, किल्लाही शातो, द्राक्षमळ्यातली हवेलीही शातोच, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. फोटोत दोंजों दिसतोय का ते बघा.

गडवेडी_मावशी:
वडील सिंहगडवाले आहेत ना, मग शातो गायार दाखवा! सीन नदीच्या वर पांढऱ्या कड्यावर आहे, इंग्लंडच्या रिचर्ड राजाने 1196 ते 1198 मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत बांधला आणि 1204 मध्ये फ्रेंचांनी वेढा घालून घेतला सुद्धा. सांगतात की सैनिक शौचकूपाच्या भोकातून आत घुसले. आपली घोरपड त्यापेक्षा बरी बाई. पण गावात रेल्वे नाही, पुढे गाडी करावी लागते आणि वर चढ आहे. आता नुसते अवशेष उरलेत.

कोथरूडचा_पाहुणा:
व्हँसेन फायनल! गायारचं भोकाचं प्रकरण बाबांना वाचून दाखवलं आणि चूक झाली, आता ते म्हणतायत तुम्ही दोघं व्हर्सायला जा, मी एकटा गाडी करतो. आत खायला काही मिळतं का हो? आई दशम्या नेणारच आहे.

नारायणपेठी:
दशम्या न्याच. पिठलं-भाकरी घेऊन कोणी बसलेलं नसतं तिथे.