विषय: शनिवारचं गास्पाचो, बिनलसणाचं

आहार समिती:
नमस्कार मंडळी, शनिवारी कासा दे काम्पो बागेत तळ्याजवळ, नेहमीच्याच जागी. पोहे, ढोकळा, मठ्ठा ठरलंय. गेल्या वेळी उन्हाने सगळ्यांचे हाल झाले, म्हणून यंदा गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं थंडगार स्पॅनिश सूपही ठेवतोय, चाळीस जणांचं. चातुर्मास असल्यामुळे बरेच जण कांदा-लसूण खात नाहीत. तसं चांगलं गास्पाचो माद्रिदमध्ये कुठे मिळेल? गुरुवारपर्यंत कळवा.

हेताफेचे काका:
सुपरमार्केटच्या फ्रिजमधले लिटरचे डबे आणू. माणशी पाव लिटर धरलं तर दहा डबे पुरतात. बर्फाची पेटी माझ्याकडे आहे. एवढं काय त्यात?

चाम्बेरीची वहिनी:
काका, डब्यामागची यादी वाचलीत का? अल्वाये कंपनीच्या डब्यात कांदा आणि लसूण दोन्ही असतात. शिवाय डब्यातलं शिजवल्यासारखं लागतं. बाहेरून आणायचंच असेल तर उन्हाळ्यात साध्या बारमध्ये दुपारच्या 'मेनू देल दिया'त, म्हणजे ठरलेल्या जेवणात मिळतं ते बघा. सान मिगेल बाजार पर्यटकांसाठी ठीक आहे. पण बारवालाही लसूण घालणारच, ते सकाळीच वाटून ठेवलेलं असतं.

लावापिएसहून, नवीन सभासद:
बाहेरून आणणार असाल तर एक सांगतो. ला मांचाकडे एका हॉटेलात मी 'गास्पाचोस' मागवलं. पुढ्यात आलं ते गरमागरम, सशाचं मांस आणि रोटीचे तुकडे घातलेलं. मी शाकाहारी आहे, उपाशीच उठलो. पाटीवर 'मांचेगो', म्हणजे ला मांचाचं, असं दिसलं तर आधी विचारा.

हेताफेचे काका:
अरे, तो पदार्थच वेगळा. तसंच ते सालमोरेखो, कोर्दोबाचं. ते दाट असतं, पाव जास्त, वर उकडलेलं अंडं आणि हामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. शाकाहाऱ्यांना चालणार नाही.

अल्कालाच्या मावशी:
हामोन न घालता द्या म्हटलं की देतात. आमच्या इथे तर अंडंसुद्धा बाजूला देतात.

खजिनदार:
सालमोरेखोची चर्चा नंतर करू. मला लसणाबद्दल बोलायचं आहे. टोमॅटो अमेरिकेतून आला, त्याच्याआधी दक्षिणेकडे अंदालुसियात पाव, लसूण, तेल आणि व्हिनेगर हेच गास्पाचो होतं. लसूण काढला तर मग टोमॅटोचं सरबतच करा. निम्मं लसणाचं, निम्मं बिनलसणाचं असं करूया.

आहार समिती:
दोन भांडी, दोन डाव, दोन चिठ्ठ्या आणि मग अदलाबदल. पाडव्याच्या श्रीखंडाचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. मेनू समिती ठरवेल. एकच भांडं, बिनलसणाचं.

चाम्बेरीची वहिनी:
मग घरीच करूया, मी करते. क्वात्रो कामिनोसच्या मारावियास बाजारातून पेरा, म्हणजे लांबट टोमॅटो आणते. दाबल्यावर बोट रुतेल इतके पिकलेले हवेत, फ्रिजमधले कडक नकोत. दहा किलो लागतील. सोबत काकडी, लांब हिरवी मिरची, म्हणजे इथली तिखट नसलेली, भिजवलेला शिळा पाव, मीठ आणि हेरेसचं व्हिनेगर. तेल शेवटी, मिक्सर चालू ठेवून बारीक धारेने. लाल रंग हळूहळू नारिंगी होत जातो, तो दिसला की तेल मिळून आलं असं समजायचं. मग गाळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. लसणाऐवजी चिमूटभर जिरं घालते. खजिनदार, अंदालुसियातही काही घरांत घालतात, जुनी पद्धत आहे.

अल्कालाच्या मावशी:
जिरं भाजून घाल गं. आणि थोडी कोथिंबीर?

चाम्बेरीची वहिनी:
कोथिंबीर नको मावशी, हिंगही नको. मग ते साराकडे झुकतं.

खजिनदार:
जिरं मान्य. पण लसूण सोलून वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवा तो घेईल. टोमॅटोची पावती मला पाठवा.

हेताफेचे काका:
वहिनी, मिक्सर एकच आहे का? माझा मोठा आहे, शुक्रवारी संध्याकाळी पेटीबरोबर घेऊन येतो. गाळणी मात्र नाही.

लावापिएसहून, नवीन सभासद:
गाळणी माझ्या घरमालकिणीकडे आहे, शंकूसारखी. बाजारात पिशव्या उचलायलाही येतो. किती वाजता?

चाम्बेरीची वहिनी:
शुक्रवारी सकाळी दहाला, क्वात्रो कामिनोस मेट्रोच्या दाराशी. दोन पिशव्या आण, मजबूत.