मदत हवी आहे: १ जीबीपीएस फायबर घेतोय, अमळनेरच्या जुन्या धाब्याच्या घरात राउटर कोणता आणि कुठे बसवू?

राम राम मंडळी,

आमच्या गल्लीत फायबर येऊन बराच काळ झाला. आता केबलवाले १०० एमबीपीएसऐवजी १ जीबीपीएसचा प्लॅन द्यायला तयार आहेत आणि आम्हालाही तो हवाच आहे. वहिनी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतात. मोठ्या फायली चढवायच्या-उतरवायच्या, त्यात दिवसभर मीटिंगा. नेट खात्रीचं झालं तर दादा-वहिनींना पुण्यात भाड्याचं घर करावं लागणार नाही, पोरं इथेच आजी-आजोबांजवळ राहतील. त्यामुळे खर्चाची तयारी आहे, फक्त तो योग्य जागी व्हावा एवढीच इच्छा.

आधी घर सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. पुढचा भाग जुना, धाब्याचा. मातीच्या भिंती दोन फुटांहून जाड, वर सागाच्या लाकडांवर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. मागे विटांचं बांधकाम आणि त्यावर स्लॅबची एक खोली, तीच वहिनींचं ऑफिस. फायबर पुढच्या ओसरीत उतरते, ओएनटीही (फायबरचा सिग्नल नेटच्या वायरवर आणणारी डबी) तिथेच भिंतीला. म्हणजे नेट घराच्या एका टोकाला आणि त्याची सर्वांत जास्त गरज दुसऱ्या टोकाला, तीही माडीवर.

ओएनटी कंपनीची आहे. तिला चार लॅन पोर्ट, पण त्यातलं गिगाबिट एकच, बाकीचे तीन १०० एमबीपीएसचे. त्या गिगाबिट पोर्टला माझा एसी१२०० राउटर जोडलाय. खोक्यावरचे हे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झचे ८६७ यांची ढोबळ बेरीज आहे. मागचे सगळे पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचे. आज दुकानात अजूनही असे राउटर सर्रास मिळतात, म्हणून कोणी घेणार असेल तर आधी पोर्टचा वेग वाचा, मग वाय-फायचा आकडा.

केबलवाल्यांनी चाचणीपुरती लाईन १ जीबीपीएसवर उघडून दिली तेव्हा मी ठिकठिकाणी वेग मोजला. ओएनटीच्या गिगाबिट पोर्टला लॅपटॉप वायरने थेट जोडला तर ९३० एमबीपीएसच्या आसपास. हे ठीकच आहे, गिगाबिट वायरवर वरखर्च जाऊन हातात साधारण ९४०च येतात. तोच लॅपटॉप माझ्या राउटरला वायरने जोडला की ९४. ओसरीतच वाय-फायवर मोबाईललाही ९० च्या वर काही येत नाही, कारण राउटरमध्ये आत येतानाच १०० चा अडसर. आणि माडीवर? ५ गिगाहर्ट्‌झ कधी दिसतं, कधी गायब. २.४ वर २५-३०.

यावरून मी असा विचार केला. राउटर बदलावा लागेल हे नक्की. पण नुसता महागडा राउटर ओसरीत ठेवला तर माडीवर फार फरक पडणार नाही, मातीच्या जाड भिंती त्याचंही तेच करतील. वहिनींचा लॅपटॉप टेबलावरच असतो, त्याला वायरच द्यावी. म्हणून मुख्य खर्च ओसरीपासून माडीपर्यंतच्या चांगल्या कॅट६ वायरवर, आणि वर त्याच वायरवर दुसरं वाय-फाय यंत्र ॲक्सेस पॉइंट म्हणून. अंतर वळणांसकट ३५ मीटरच्या आत बसतं. गिगाबिटला कॅट५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत चालते, पण भिंत एकदाच फोडायची आहे तर कॅट६ टाकतो.

खाली एएक्स३००० वर्गातला वाय-फाय ६ राउटर बघतोय. त्यातला २४०२ चा आकडा १६० मेगाहर्ट्‌झच्या रुंद चॅनलचा आहे, आणि घरातले मोबाईल ८० वाले आहेत. त्यांना जोडणी १२०० ची दिसेल आणि त्याच खोलीत हातात ६००-७०० आले तरी मी समाधानी आहे.

आता प्रश्न.

२.५ गिगाबिट पोर्टवाला राउटर आजच घ्यावा का? किमतीत बराच फरक पडतो.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकायला (म्हणजे तिने नेट नुसतं पुढे द्यायचं, लॉगिन माझ्या राउटरने करायचं) केबलवाले का-कू करतात. लँडलाइन फोनही तिच्यावरच आहे. ब्रिजशिवाय चालेल का?

तिसरा प्रश्न उन्हाचा, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. राउटरच्या पुस्तिकेत ०° ते ४०° सेल्सिअस लिहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५° असतं, आणि स्लॅबची खोली रात्री बारालाही तापलेली असते. पुण्या-मुंबईचे लोक जे राउटर सुचवतात ते आपल्या माडीवर टिकतात का, हे खान्देशातल्या माणसानेच सांगावं.

शेवटचं, वीज. इन्व्हर्टर आहे, पण लाईट गेली की क्षणभर झटका बसतो, ओएनटी आणि राउटर दोन्ही नव्याने सुरू होतात आणि वहिनींची मीटिंग तुटते. खाली आप्पा मोबाईलवर कापसाचे भाव बघत असतात, त्यांची हाक येते, "काय व्हयनं रे नेटले?"

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद, जळगावहून:
तुमची दिशा बरोबर आहे. २.५ चा हट्ट धरू नका. ओएनटीचा पोर्टच १ गिगाबिटचा आहे, तर पुढे २.५ ठेवून वेग वाढणार नाही. शिवाय लाईन जीपॉनची (आजच्या सर्वसाधारण फायबर पद्धतीची) असेल तर खाली येणारा २.४८८ आणि वर जाणारा १.२४४ गिगाबिट हा सगळा वेग स्प्लिटरवरच्या (एका फायबरच्या अनेक फांद्या करणाऱ्या डबीवरच्या) सर्व घरांत वाटला जातो. पुढेमागे एक्सजीएस-पॉन ही पुढची पद्धत आली, म्हणजे दोन्ही बाजूंना १० गिगाबिट, तेव्हा ओएनटीही बदलेल. राउटरचं त्या वेळी बघा.
ब्रिज मोड मिळाला तर उत्तम, पण पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन (एकाच लाईनवरचा वेगळा मार्ग) क्रमांक तिन्ही लिहून घ्या. यातलं एक नसलं तरी राउटर नेटला लागणार नाही. फोनची सेवा बहुधा वेगळ्या व्हीलॅनवर असते, नेट तेवढं ब्रिज करून फोन चालू ठेवता येतो. नाहीच ऐकले तर नवा राउटर एपी (ॲक्सेस पॉइंट) मोडमध्ये लावा आणि ओएनटीचं वाय-फाय बंद करा. दोन ठिकाणी नॅट (घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्यामागून नेटला जोडणं) होऊ देऊ नका, वहिनींच्या व्हीपीएनला (कंपनीशी असलेल्या सुरक्षित जोडणीला) त्रास होऊ शकतो.

प्रतिसाद, धुळ्याहून:
वायर घेताना सांभाळा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर कॅट६ म्हणून खपवली जाते. हातात धरली की हलकी लागते, आणि टोक ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी निघते. पूर्ण तांब्याचीच मागा. जळगावच्या गोलाणी मार्केटला जाणार असाल तर रोल उघडून दाखवायला सांगा. दोन्ही टोकांना एकच रंगक्रम, ५६८बी. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक तार जरी नीट बसली नाही तरी नेट चालू दिसतं आणि वेग गुपचूप १०० वर येऊ शकतो. वायर टाकून झाल्यावर, भिंत बुजवायच्या आधी, लॅपटॉपमध्ये जोडणीचा वेग १००० दिसतो का ते बघा. वीजेच्या पाइपातून ही वायर नेऊ देऊ नका, इलेक्ट्रिशियन हमखास तेच सुचवतो.
ब्रिज मिळाला तर राउटरमधलं क्यूओएस (कोणाला आधी वेग द्यायचा हे ठरवणारी सोय) बंद ठेवा. पुष्कळ राउटरमध्ये ते चालू केलं की हार्डवेअर नॅट बंद पडतं, सगळं ओझं प्रोसेसरवर येतं आणि पीपीपीओईवर ९०० चे ४०० होतात.

प्रतिसाद, भुसावळहून:
उन्हाचं मी सांगतो, भुसावळकराला तो अधिकार आहे. मुख्य राउटर आणि ओएनटी धाब्याच्या भागातच ठेवा. मातीच्या भिंतीतला गारवा हा तुमचा फायदा आहे, तो सोडू नका. माडीवर फक्त ॲक्सेस पॉइंट. तो छताला किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको, कपाटात तर अजिबात नको. उत्तरेच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, चारी बाजूंनी हवा खेळेल असा लावा. माझा असाच लावलाय, उन्हाळ्यात तक्रार नाही. आधी कपाटावर स्लॅबजवळ होता तेव्हा दुपारी नेट सारखं तुटायचं.
आणि वायर गच्चीवरून उघडी नेऊ नका. उन्हाने साधं आवरण तडकतं, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की लांब उघड्या तांब्याच्या तारेत झटका येऊन दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. घरातून वाट नसेल तर तेवढ्या टप्प्याला फायबर टाका, दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी डबी). काचेच्या तंतूतून झटका जात नाही, फक्त आत लोखंडी तार नसलेली केबल घ्या.
लाईटसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस येतो. दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा, यूपीएस त्याहून वरचा घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ओएनटीचं अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचं आहे, बघतोय त्या राउटरचं १२ व्होल्ट १.५. म्हणजे २.५ अँपिअरच्या वरचा यूपीएस लागेल. वर ॲक्सेस पॉइंटला वेगळा. जिन्याच्या कोपऱ्यातून आतून वाट निघते, सुताराला दाखवली, लाकडाला धक्का न लावता पाइप बसेल म्हणाला. त्यामुळे गच्चीचा प्रश्न मिटला. २.५ गिगाबिटचा विचार सोडला, ते पैसे वायर आणि यूपीएसला. ब्रिजसाठी केबलवाल्यांशी पुन्हा बोलतो, व्हीलॅन क्रमांकासकट.
एकच राहिलं. खालच्या आणि वरच्या वाय-फायला एकच नाव द्यावं की वेगवेगळं? आप्पा फोन घेऊन खाली-वर करत असतात.

प्रतिसाद, धुळ्याहून:
नाव आणि पासवर्ड एकच, सुरक्षेचा प्रकारही एकच. चॅनल मात्र वेगळे: २.४ ला खाली १, वर ६ किंवा ११. ५ ला खाली ३६, वर १४९, दोन्हीकडे ८० ची रुंदी. वरच्या यंत्राचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायला विसरू नका.