मदत हवी आहे: कुत्र्या-मांजरांच्या गोधड्यांत आतला थर कशाचा घालावा?

आम्ही कोथरूडच्या चौघीजणी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून भटक्या जनावरांच्या एका निवाऱ्याला देतो. माप अडीच बाय तीन फूट. वर-खाली साडी, आत जुन्या चादरीचे दोन थर, कडेपासून आत फिरत जाणारा हाताचा धावदोरा. आतापर्यंत अकरा दिल्या.

पहिली अडचण टाक्यांची. कुत्री झोपण्याआधी पंजाने उकरतात, पाऊण इंची टाका नखात अडकून उसवतो. सुटलेला दोरा मांजराने गिळला तर आतड्यात अडकून जिवावर बेततं, त्यामुळे ‘चालतंय’ म्हणता येत नाही. टाका बारीक केला तेव्हा उसवणं थांबलं, पण एकाच गोधडीला आठवडा गेला (आणि माझी पाठ).

दुसरी, ओल. पावसाळ्यात थर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास धरतात. फोमचे तुकडे भरून पाहिले, पिल्लांनी एका रात्रीत खोलीभर पांगवले. कापूस धुतल्यावर गोळा होतो.

मणी, बटणं, लेस लावत नाही. शिलाई मशीन साधं, पायाचं आहे, चार थरांच्या पुढे सुई मोडते. धुणं रोज होणार. नवीन सामानाला गोधडीमागे फार तर पन्नास रुपये.

लवकर वाळणारा, कुरतडला तरी न पांगणारा थर कशाचा घालू? फ्लीसचं जुनं पांघरूण चालेल का? आणि मशीनवर टीप मारायची तर दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, सुई कितीची लावायची?